संकासुर विनोदाचा कोण लागतो?

रत्नागिरी जिल्ह्याच्या विनोदाचा विषय निघाला की मराठी वाचकाला अंतू बर्वा आठवतो, म्हणजे खरे तर ऐकू येतो. ओटीवर बसून चार शब्दांत समोरच्याची सालटी काढणारा, खवचट, तिरकस, कोकमाच्या साराइतका आंबट. तो ज्या पुस्तकातला, त्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर कोकणी माणसाचे हसणे म्हणजे त्याची जीभ, हे समीकरण इतके पक्के झाले की त्याची खातरजमा करावी असे फारसे कोणाला वाटले नाही. माझे म्हणणे असे की हे समीकरण जिल्ह्याच्या एका लहान भागापुरते, एका ओटीपुरते खरे आहे. केळशीसारख्या गावाच्या पंचक्रोशीत दर फाल्गुनात जे हसू फुटते, ते मुख्यतः डोळ्यांचे आहे. ते जुने आहे, गावातल्या जास्त माणसांपर्यंत पोचणारे आहे, आणि मराठी विनोदाच्या इतिहासात मात्र त्याला जागा नाही. त्याला जागा का मिळाली नाही, हा या लेखाचा विषय.

केळशी हे दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाचे गाव. भारजा नदी इथे समुद्राला मिळते, खाडीपलीकडे मंडणगड तालुका सुरू होतो, आणि नाना फडणविसांचे वेळास तिथून फार लांब नाही. गावात महालक्ष्मीचे देऊळ आहे, याकूबबाबांचा दर्गा आहे, सुरूच्या बनामागे वाळूची प्रसिद्ध टेकडी आहे. माडापोफळींच्या वाड्या, कोळीवाडा, मोहल्ला आणि डोंगराकडच्या कुणब्यांच्या वाड्या असे इथल्या किनारी गावांचे नेहमीचे रूप. या टापूत शिमगा एका रात्रीत आटोपत नाही. फाकपंचमीपासून होळ्या लागतात, पौर्णिमेला होम होतो, ग्रामदेवतेची पालखी निघते आणि नाचगाणे करणाऱ्यांचे संच, म्हणजे खेळे, घरोघर फिरतात. दापोली, मंडणगड, खेड, चिपळूण, गुहागर या सगळ्या पट्ट्यात नमन-खेळ्यांचा हाच काळ. पांढरे घेरदार झगे, डोक्याला पागोटी, पायांत चाळ, मृदंग आणि टाळ. आधी देवांना नमन, गणपतीचे पद, आणि मग ज्याची पोरे वाट पाहत असतात आणि ज्याला घाबरून आईच्या पदरामागे लपतातही, तो संकासुर.

संकासुराचे दिसणे थोडक्यात असे: अंगभर काळा पोशाख, डोक्यावर लांब टोकदार टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला वाजणाऱ्या घंटा किंवा घुंगरे, हातात पिळलेल्या दोराचा सोटा. जोडीला गोमू, म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. काही गावांत याच्या पुढे गवळण आणि वग असा मोठा खेळ होतो. काही ठिकाणी खेळे आणि संकासुर नाचून, पोस्त म्हणजे बक्षिसी घेऊन पुढच्या अंगणात जातात. पण हा काळा माणूस खळ्यात शिरला की हसू फुटते, आणि ते त्याने तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी फुटते. तो वाकडा चालतो, मध्येच थबकतो, अंगावर धावून येतो आणि ऐनवेळी दुसरीकडे वळतो, गोमूच्या मागे लागतो. गोमू मुरडते, आणि लुगड्यातली ती राकट दंडांची आकृती मुरडताना पाहून बायका तोंडाला पदर लावतात. यातला एकही प्रसंग सांगून हसवण्यासारखा नाही. वरची वाक्ये वाचून कोणी हसले असेल असे मला वाटत नाही, आणि माझ्या मुद्द्याला हा पहिला पुरावा पुरेसा आहे. जे लिहिल्यावर उरत नाही, ते लिहिणाऱ्यांच्या इतिहासातही उरत नाही.

हा खेळ डोळ्यांसाठी का घडला, याची कारणे शोधायला फार खोल जावे लागत नाही. जागा म्हणजे शेणाने सारवलेले खळे. चारी बाजूंना माणसे, कोणी पडवीत, कोणी गडग्यावर. छप्पर नाही, आवाज परतवणारी भिंत नाही. मृदंग आणि टाळ सतत चालू. अशा जागी नाजूक कोटी चौथ्या रांगेपर्यंत पोचत नाही. टोपीचे टोक पोचते. उजेड चुडींचा, पलित्यांचा, नंतर बत्तीचा. हलत्या पिवळ्या उजेडात काळे अंग अंधारात विरते आणि पांढरी दाढी तेवढी हवेत नाचते. ही वेशभूषा ज्याने कोणी ठरवली, त्याला त्या उजेडाची नेमकी जाण असली पाहिजे. घुंगरे आधी वाजतात, माणूस नंतर दिसतो. म्हणजे वाट पाहायला लावणे आणि मग दाखवणे, ही हसवण्याची जुनी युक्ती तिथे आहेच. या कारणांना भाषेचे एक कारण जोडायला हवे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात या किनाऱ्यावरच्या बोलींची वेगवेगळी नोंद आहे: बाणकोटी, संगमेश्वरी, चित्पावनी. बाणकोट केळशीहून काही कोसांवर. एका गावात ब्राह्मण आळीची बोली एक, कुणबीवाडीची दुसरी, मोहल्ल्याची तिसरी, आणि शाळेतली मराठी चौथी. शब्दावरची कोटी अशा गावात आळीच्या वेशीवर अडते. ज्याला ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक हसण्यासारखा वाटतो, तो बहुधा दुसऱ्याच्या बोलीला हसत असतो. माणूस घसरून सपशेल आपटला, तर तो सगळ्या बोलींत आपटतो.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. सगळे गाव एकत्र हसले म्हणून सगळे गाव समान होते, असा गोड निष्कर्ष यातून निघत नाही. पालखीचे मानपान ठरलेले असत, पहिला मान कोणाचा यावरून गावे वर्षानुवर्षे कोर्टात गेलेली आहेत, आणि ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती ते खळ्याच्या कडेला किती अंतरावर उभे होते, हाही इतिहासाचा भाग आहे. माझा दावा एवढाच की दूर उभ्या असलेल्यालाही जे दिसू शकत होते, ते त्याला ऐकू येईलच असे नव्हते.

आता पहिला मोठा आक्षेप. संकासुर हे दैवत आहे, त्याला नवस बोलतात, पोर त्याच्या पायावर घालतात. त्याला विनोदी पात्र म्हणणे म्हणजे शहरी माणसाने विधीला करमणूक समजण्याची नेहमीची चूक, असे कोणी म्हणेल. आक्षेपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र खरा नाही. विधी आणि हसू यांची फारकत आपण नंतर केली. संकासुर म्हणजे मुळात पुराणातला शंखासुर हा दैत्य. पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात तो वेद पळवतो आणि विष्णू मत्स्यरूपाने त्याला मारतो. ज्याने जगातले शब्द चोरून समुद्राच्या तळाशी नेले, त्याच्या नावाने समुद्राकाठच्या गावांत शब्दांवाचून हसवणारे पात्र उभे राहावे, ही गंमत योगायोगाची असेलही. पण दैत्याचा विदूषक होणे ही योगायोगाची गोष्ट नाही, कारण ती दुसरीकडेही घडलेली आहे. इटलीतल्या सोळाव्या शतकापासूनच्या लोकनाट्यात अर्लेकिनो हे सर्वांत लाडके विनोदी पात्र. त्याचा मुखवटा काळा, हातात काठी, चाल उड्या मारणारी. त्याचे मूळ मध्ययुगातल्या हेलेकिन नावाच्या, रात्री भुतांचा घोळका घेऊन हिंडणाऱ्या सैतानात असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. केळशी आणि इटली यांचा धागा जोडण्याचा माझा अजिबात हेतू नाही. दोन ठिकाणच्या माणसांनी आपल्या भीतीचे काय केले, एवढेच इथे दिसते: तिला काळे कपडे चढवले, काठी दिली आणि नाचवली. पोर आधी रडते आणि मग हसते, ते दोन वेगळ्या गोष्टींमुळे नव्हे. नवस बोलणारी बाई आणि हसणारी बाई एकच असते, आणि तिला यात काही विसंगत वाटत नाही. विसंगत वाटते ते विधी एका कप्प्यात आणि विनोद दुसऱ्या कप्प्यात ठेवायला शिकलेल्यांना.

अर्लेकिनोच्या काठीमुळे आणखी एक प्रश्न सुटायला मदत होते. संकासुराबद्दल इंग्रजीत लिहायची वेळ आली की आपले लोक अडखळतात. पर्यटनाच्या माहितीत कोणी त्याला ‘क्लाऊन’ म्हणते, कोणी ‘जोकर’, कोणी नुसतेच ‘डीमन’. पहिल्या शब्दात सर्कस येते, दुसऱ्यात पत्त्यांचा डाव, तिसऱ्यात हसू नाहीसे होते. एखादी गोष्ट दिसायला विनोदी आहे हे सांगणारे नेमके शब्द इंग्रजीत आहेत: एकेका दृश्य गमतीला ‘साइट गॅग’, आणि आपटणे, मारणे, पाठलाग अशा शारीरिक विनोदाला ‘स्लॅपस्टिक’. यातला दुसरा शब्द मूळचा वस्तूचा आहे. लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्या एका टोकाशी जोडलेल्या असत. त्या अंगावर मारल्या की फटकन मोठा आवाज होई आणि लागत मात्र काहीच नसे. अर्लेकिनोच्या हातातली ती हीच काठी. संकासुराचा दोराचा सोटा दुसरे काय करतो? तो जमिनीवर आपटला की पोरे दचकतात, पाठीवर बसला की आवाज जास्त आणि मार कमी. तेव्हा परक्या वाचकाला सांगायचेच असेल तर ‘स्लॅपस्टिक’ हा शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो खेळाकडे बोट दाखवतो, पात्राला परकी टोपी घालत नाही. हसवणाऱ्याच्या हाती काठी असण्याची परंपरा आपल्याकडे तर फारच जुनी आहे: नाट्यशास्त्रातल्या कथेप्रमाणे पहिल्या नाट्यप्रयोगाच्या वेळी ब्रह्मदेवाने कुटिलक म्हणजे वाकडी काठी दिली, आणि ती विदूषकाची खूण झाली.

नाट्यशास्त्राचा उल्लेख आला ते बरे झाले, कारण दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर तिथूनच सुरू होते. आक्षेप असा की नमन-खेळ्यांच्या जुनेपणाला लेखी आधार काय? या परंपरा तोंडी, नुसती समजूत म्हणून पुरातन. हे बरोबर आहे की दापोलीच्या कुठल्याही वाडीतल्या संकासुराची जन्मतारीख सांगता येणार नाही, आणि ‘हजारो वर्षांची परंपरा’ असले विधान मी करणार नाही. पण डोळ्यांच्या विनोदाची जाण जुनी आहे, याला पुरावा आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे तीन प्रकार केले आहेत: अंगाने होणारे, नेपथ्याने म्हणजे वेशभूषेने होणारे आणि वाक्याने होणारे. तिघांतले दोन दिसण्याचे. हास्याच्या कारणांमध्ये त्याने भलता वेश आणि भलते अलंकार अगदी आरंभी मांडले. शास्त्राने वाक्याला तिसरा वाटा दिला होता; पुढे आपण त्याला सगळी मिळकत देऊन टाकली.

दुसरा पुरावा अधिक जवळचा आहे. समर्थ रामदास (१६०८ ते १६८१) यांच्या दासबोधात, सहाव्या दशकातल्या दृश्यनिरसन नावाच्या समासात, दशावतारी खेळाचा दाखला येतो. खेळात सुंदर स्त्रिया येतात, कलाकुसरीने डोळे मोडतात, आणि प्रत्यक्षात असतात सगळे धटिंगण पुरुष, असा त्याचा आशय. रामदासांना तिथे विनोदाचा इतिहास लिहायचा नव्हता. दिसते ते खरे नसते हा वेदान्त शिकवायचा होता. पण दाखला तोच दिला जातो जो ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असतो. दासबोधाशी परंपरेने जोडलेली शिवथरची घळ महाड तालुक्यात, म्हणजे दापोली-मंडणगडच्या डोंगरांच्या शेजारीच. सतराव्या शतकात या भागातल्या ऐकणाऱ्यांना लुगड्यातला राकट पुरुष हा नेहमीचा देखावा होता, एवढे या ओळींवरून ठामपणे म्हणता येते. गोमूची वंशावळ इतकी तरी मागे जाते. त्याआधी एकनाथांनी (१५३३ ते १५९९) भारुडांत जोगती, भुत्या, वासुदेव अशा ज्या वेगवेगळ्या लोकांना बोलते केले, तेही सोंग घेऊन, अंगाने दाखवूनच रंगत. भारुडाची छापील संहिता वाचून त्याचे हसू कळत नाही, हे कोणताही भारुडकार सांगेल.

मग हे सगळे इतिहासातून गळाले कसे? मला वाटते, छापखान्याने ते केले, आणि वाईट हेतूने केले नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, त्या धाटणीच्या नाटकांत सूत्रधाराच्या मंगलाचरणानंतर वनचराच्या वेशात उड्या मारत येणारा विदूषक होता, तलवारी नाचवत आरोळ्या ठोकणारे राक्षस होते. म्हणजे आधुनिक मराठी रंगभूमीने जन्मताना गावाकडचे डोळ्यांचे हसू बरोबर आणले होते. १८५६ च्या सुमारास पौराणिक खेळाच्या शेवटी फार्स करण्याची रीत पडली, तेव्हाही वेश, पळापळ, लपाछपी यांनाच मान होता. शिकलेल्या प्रेक्षकाला पुढे या राक्षसांची लाज वाटू लागली. १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, संगीत आले, संहिता छापून विकत मिळू लागली. विदूषक राहिला, पण संस्कृत नाटकातला, बोलणारा. १९०२ मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख आला, त्यातून ‘सुदाम्याचे पोहे’ तयार झाले, आणि मराठी विनोदाचा जन्म तिथे झाला असे पाठ्यपुस्तके सांगू लागली. न. चिं. केळकरांनी १९०८ मध्ये विनोदावर ग्रंथ लिहिला त्याचे नावच ‘सुभाषित आणि विनोद’. विनोद चांगल्या बोलण्याच्या शेजारी बसवला गेला, आणि तिथून तो पुढे हलला नाही. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. ही परंपरा थोर आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या परंपरेलाच मराठी विनोदाचा सगळा इतिहास मानण्याविषयी. हा इतिहास लिहिणारे वाचणाऱ्या वर्गातले होते, त्यांनी वाचता येईल ते नोंदवले. केळशीच्या कुणबीवाडीतला टोपीवाला त्यांच्या कपाटात मावणारा नव्हता.

शिमग्याच्या सुधारणेतही हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुधारक आणि वर्तमानपत्रे शिमग्यातल्या अचकटविचकटपणावर तुटून पडली, आणि त्यांचा मुख्य रोख होता बोलण्यावर: शिव्या, बोंबा, ओंगळ गाणी. या टीकेला आधार होता, विशेषतः रस्त्याने जाणाऱ्या बायकांना जे ऐकावे लागे ते पाहता. शिव्या काही प्रमाणात ओसरल्याही. सोंगे मात्र टिकली, कारण ती कोणाच्या डोळ्यांवर आलीच नाहीत. टीकाकारांनाही शिमगा प्रामुख्याने ऐकू येत होता. दुर्लक्षाचा असा फायदा परंपरांना कधी कधी होतो.

तिसरा आक्षेप दक्षिणेकडून येईल, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सिंधुदुर्गातल्या दशावतारातही संकासुर आहे. पूर्वरंगात तो काळ्या वेशात येतो, पण तिथे तो भरपूर बोलतो. भटजीची फिरकी घेतो, गावातल्या ताज्या घडामोडींवर शेरे मारतो, आणि प्रेक्षक त्या मालवणी बोलण्यालाच हसतात. मग कोकणी विनोद जिभेचा नाही असे कसे म्हणता? उत्तर असे की जीभ नाही असे मी म्हणत नाही, ती दुसऱ्या क्रमांकावर आहे असे म्हणतो. दशावतार देवळाच्या आवारात, ठरलेल्या जागी, रात्रभर चालतो. प्रेक्षक एका बाजूला बसतो, शेवटपर्यंत थांबतो, आणि बोली सगळ्यांची एक असते. तिथे शब्दाला घर मिळाले म्हणून तो रुजला. उत्तर रत्नागिरीतला फिरता संकासुर एका खळ्यात थोडा वेळ असतो आणि पुढे जातो. त्याला बोलायला फुरसत नाही. जिथे खेळ एका जागी स्थिरावला आणि त्याला वग जोडला गेला, तिथे नमनातही सवाल-जबाब वाढले, हेही याच नियमाने समजते. आणि बोलका विनोद म्हणून ज्याचा हमखास दाखला देतात ते गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ घ्या. १९८० साली ते रंगमंचावर आले, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले, आणि मालवणी बोलीच्या विजयाची खूण म्हणून त्याचा उल्लेख होतो. बोली होतीच. पण नाटकाचा पाया काय आहे? गावातली हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा खेळ करायला निघतात आणि वेश, पात्रे, ऐनवेळचे घोटाळे यांनी खेळाचे तीनतेरा वाजतात. ज्याला मालवणी पूर्ण कळत नाही असा विदर्भातला प्रेक्षकही या नाटकाला हसला, तो कशाला हसला याचा विचार करावा.

शहराने डोळ्यांचे हसू पूर्णपणे टाकून दिले असेही नाही. फक्त त्याला परदेशी आजोबा दिले. दादासाहेब फाळक्यांनी १९१४ मध्ये ‘पिठाचे पंजे’ ही छोटी विनोदी फिल्म केली, ती मूकपटाच्या काळातली, म्हणजे हसवायचे तर दाखवूनच. चिं. वि. जोशींचा चिमणराव कागदावर निवेदनातल्या साळसूद भाषेमुळे हसवतो. १९४० च्या ‘लग्न पाहावे करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर पडद्यावर आले तेव्हा त्यांच्या तिरळ्या डोळ्याने आणि देहाने निम्मे काम केले. शि. द. फडणिसांनी १९५० च्या दशकात अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’साठी चित्रे काढली, ती बहुतेक एकही शब्द नसलेली, आणि घराघरांतल्या लोकांनी ती कापून जपून ठेवली. यांच्यावर लिहिताना समीक्षक चॅप्लिनचे नाव घेतात, पाश्चात्त्य व्यंगचित्रकारांची नावे घेतात. ती घ्यावीतच. पण शब्दांवाचून हसण्याची सवय मराठी माणसाला चॅप्लिनने लावली असे सूचित होते, ते चूक. ज्या प्रेक्षकांनी थिएटरात पहिल्यांदा पडदा पाहिला, त्यांच्यातले कितीतरी जण गिरणगावात राहणारे रत्नागिरीकर होते आणि ते फाल्गुनात रजा टाकून गावी जाऊन संकासुर पाहून आलेले होते. पडद्यावरच्या काठीवाल्या माणसाची भाषा त्यांना नव्याने शिकायची नव्हती.

एक आक्षेप उरतो, तो खरे म्हणजे अभिरुचीचा आहे: आपटणे, धावणे, पुरुषाने लुगडे नेसणे हा हलका विनोद; त्याला हसायला अक्कल लागत नाही. लागत नसेलही. पण करायला लागते. काळ्या कापडात तोंड आणि शरीर झाकलेल्या माणसाकडे चेहऱ्यावरचे भाव हे साधन उरत नाही. मानेचा कल, टोपीच्या टोकाची दिशा, घुंगरांची लय, थांबण्याचा नेमका क्षण, एवढ्यावरच त्याला निभवायचे असते, आणि समोर घाबरलेले पोर असेल तर ते हंबरडा फोडणार नाही इतपतच पुढे जायचे असते. शाब्दिक कोटी फसली तर दुसरी करता येते. खळ्यात पाय चुकला तर हसू संकासुराच्या सोंगाला न येता आतल्या माणसाला येते, आणि गाव ते वर्षभर विसरत नाही. ज्या कलेत अपयशाची शिक्षा इतकी रोकडी आहे तिला हलकी म्हणण्याआधी थोडे थांबावे. लुगड्यातल्या पुरुषाच्या विनोदात बायकांची थट्टा किती आणि पुरुषाची किती, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर खेळाप्रमाणे आणि खेळणाऱ्याप्रमाणे बदलते, आणि काही ठिकाणी ते लाजिरवाणे असते हे मान्य करायला हरकत नाही.

आज नमन मुंबईतल्या रंगमंचांवरही होते. ध्वनिक्षेपक आला, प्रकाशयोजना आली, वगाची संहिता लांबली, आणि रंगमंचाच्या चौकटीत संकासुर आपोआप बोलका होत चालला आहे. यात खेद करण्याजोगे काही नाही. जागा बदलली की खेळ बदलतो, हेच वर दशावताराच्या बाबतीत म्हटले. पण खळ्यातला न बोलणारा खेळ बदलण्याआधी नोंदवून ठेवला पाहिजे, आणि ते काम आता कोणा विद्यापीठाची वाट पाहत अडलेले नाही. केळशी, आंजर्ले, वेळासकडे शिमग्याला जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याच्या खिशात कॅमेरा आहे. त्यांना विनंती अशी: वीस सेकंदांचा तुकडा काढून पुढे पाठवू नका, एका खळ्यातला पूर्ण खेळ एका जागी उभे राहून घ्या. त्यावर वरून गाणे चढवू नका, घुंगरे ऐकू येऊ द्या. अधूनमधून कॅमेरा पडवीकडे वळवा, म्हणजे कोण कधी हसले ते कळेल. आणि टोपी कोणी शिवली, दोर कोणी वळला, हे सोंग आधी कोणाकडे होते, ते त्याच दिवशी विचारून वहीत लिहून ठेवा.